शुक्रावरच्या बाईचा खांदा

नंदुरबार
ता. १० नोव्हेंबर १९५७

ती. स्व. नानीबाईस मगनचा साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला तू बांधून दिलेल्या सांजोऱ्या शहाद्याच्या स्टँडवरच निम्म्या संपल्या. उरलेल्या खोलीवर आल्यावर संपवल्या. डबा पुढच्या खेपेला आणीन, तोवर त्यात ब्रश ठेवले आहेत, रागावू नकोस.

इकडे सगळ्यांच्या माना वर. रशियाने सोडलेला तारा दिसतो म्हणे, आणि आता तर दुसऱ्यात कुत्री बसवून पाठवली आहे. संध्याकाळी वाण्याच्या ओट्यावर उभं राहून लोक एकमेकांना बोट दाखवतात. मला अजून काही दिसलेलं नाही, पण मीही "हो, हो, दिसला" म्हणून टाकतो.

या ताऱ्याने मला मात्र काम दिलं. तंबू टॉकीजवाला बन्सीलाल तुला आठवत असेल, आपल्या सारंगखेड्याच्या जत्रेत दर वर्षी ज्याचा तंबू आबांच्या शेताला लागून पडतो तो. त्याने या वर्षी विलायती सिनेमा आणला आहे. चार माणसं अग्निबाणात बसून शुक्रावर जातात, तर तिथे सगळं राज्य बायकांचं. बायकाच राजा, बायकाच शिपाई, हातात भाले. सिनेमाबरोबर आलेली छापील चित्रं वाटेत भिजून त्यांचा लगदा झाला, म्हणून तंबूच्या तोंडावर लावायला मोठ्ठा कापडी पडदा मी रंगवायचा. आजपर्यंत दुकानांच्या पाट्या आणि ट्रकमागची कमळं काढली, आता प्रथमच माणूस काढायचा आहे आणि तोही पुरुषभर उंचीच्या दुप्पट.

अडचण एवढीच की सिनेमा मी पाहिलेला नाही, आणि लढणारी बाई कशी उभी राहते ते बन्सीलालला सांगता येत नाही.

असंच विचारतो, तू गाडीत कापूस भरून वर चढतेस ना तुडवायला, तेव्हा पदर कसा खोवतेस? आधी कुठला पाय वर टाकतेस? आणि वरून दोर आवळताना कुठला खांदा पुढे येतो? सावकाश आठवून लिही. भाऊजींना विचारू नकोस, ते हसतील.

तुझा
मगन

नंदुरबार
ता. २७ नोव्हेंबर १९५७

ती. स्व. नानीबाईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "उजवा पाय चाकावर, डावा खांदा पुढे, पदर कमरेला दोन वेढे. तुला बायकांच्या कामाची चौकशी कधीपासून?" एवढंच लिहिलंस, पण माझं काम झालं. डोळे मिटले आणि बाई समोर उभी राहिली.

पडदा आठवड्यात रंगवला. काष्टा मारलेली बाई, एक पाय अग्निबाणाच्या शिडीवर, हातात भाला. खरं सांगतो, भाल्याचा विळाच झाला होता, नंतर लांब केला. दंड असे भरीव की बैलाची वेसण धरली तर बैलाने विचार करावा. चेहरा मनात आला तो काढला. ती अगदी जिवंत उतरली. मला पहिल्यांदा वाटलं, मी पाटीवाला नाही, चित्रकार आहे.

बन्सीलाल आला, चष्मा वर केला, आणि खोखो हसत सुटला.

"मगनभाऊ, हाई बाई शुक्रवर कापूस येचाले चालनी का? तिकीट कोन लेई? अन् साडी कशी काय? तठे साड्या मिळतस का?"

म्हटलं, शिपाई बाई आहे, अंगात जोर नको का?

"जोर पाहाले लोक तंबूत येतंस का? कंबर बारीक कर. आंग दिखाले पाहिजे. लढाई-बिढाई राहू दे."

काय करणार? रंग त्याचा, कापड त्याचं, आणि जत्रेची तारीख तोंडावर. थोडा फेरफार केला. साडी गेली, तिच्या जागी पत्र्यासारखं चकाकतं काहीतरी आलं. ते कुठून कुठपर्यंत, हे विचारू नकोस. कंबर मुठीत मावेल अशी झाली. दंड उतरवले. खांद्यावर एक डाग होता, "शुक्रवरनी बाईले डाग कसाना?" म्हणून तोही पुसायला लावला. चेहरा मात्र मी बदलू दिला नाही. तसा पुन्हा उतरला नसता.

बरं, महत्त्वाचं. या वर्षी तू जत्रेला नको येऊस. गर्दी फार होणार आहे, घोड्यांच्या बाजारात कसलासा रोग आल्याचंही ऐकतो. तुझी सांधे धरण्याची तक्रार, त्यात नदीकाठची थंडी. आबांची समजूत मी काढतो. माहेरी काय, आखाजीच्या सणाला यायचंच आहे. मी स्वतः मुराळी होऊन, दमणीला बैल जुंपून तुला न्यायला येईन.

तुझा
मगन

नंदुरबार
ता. ९ डिसेंबर १९५७

रा. रा. रतिलालभाऊजींस मगनचा नमस्कार.

परवा जत्रेत आपण तडक गाडी जुंपून नानीबाईला घेऊन परत गेलात. आबा जेवणाची पानं मांडून बसले होते. मला बोलायची संधी मिळाली नाही म्हणून लिहितो.

लोकांच्या बोलण्यावर जाऊ नका. जत्रेत रिकामटेकडे फार. ते चित्र शुक्रावरच्या बाईचं आहे, हे वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. चेहऱ्याचं म्हणाल तर नाक, डोळे सगळ्या बायकांना असतात, कुणी ना कुणी कुणासारखं दिसतंच.

तिच्या हातावर "मगन" असं लिहिलेलं आहे ती माझी सही. मी प्रत्येक कामावर सही करतो. आपल्या म्हसावदच्या बियाण्याच्या दुकानावरची पाटी पाहा, खालच्या कोपऱ्यात तोच कललेला ग दिसेल. पडद्यावर दुसरीकडे रंग ओला होता आणि हातावर जागा मोकळी होती म्हणून तिथे केली. नानीबाईच्या हातावर लहानपणी माझं नाव गोंदलेलं आहे ही गोष्ट त्या गडबडीत माझ्या ध्यानातही आली नाही. आपण समजूतदार आहात. तिला बोल लावू नये, तिचा यात काही दोष नाही.

आपला
मगन

नंदुरबार
ता. २० जानेवारी १९५८

नानीबाईस नमस्कार.

संक्रांतीचा तीळगूळ पाठवला होता तो तसाच परत आला. पुडीची गाठसुद्धा सोडलेली नाही. वरचा पत्ता तुझ्या हातचा नव्हता, भाऊजींच्या हातचा होता, म्हणून अजून लिहितो आहे.

बांगडीवाली म्हसावदहून इकडे आली होती, तिने सांगितलं ते ऐकून जेवण गेलं नाही. म्हणाली, नानीबाई आता गाडी हाकत नाही. शहाद्याला जिनात कापूस घेऊन जात नाही. बाजाराला जात नाही. रस्त्याने पोरं "शुक्रावरनी, शुक्रावरनी" ओरडतात म्हणून भाऊजींनी कासरा आपल्या हातात घेतला आणि तुला उंबऱ्याच्या आत ठेवलं. तू, जी लग्नात वरातीची गाडी स्वतः हाकायला निघाली होतीस आणि आबांनी ओढून खाली बसवलं होतं!

मी भाऊजींना खोटं लिहिलं. तू खाली उभी होतीस, मी शिडीवर होतो, तेव्हाच तुला सगळं कळलं असणार. मी तिच्या छातीवरच्या पत्र्याला चंदेरी रंगाचा शेवटचा हात देत होतो. कौसाबाई मावशी गर्दीतून ओरडली, "आवं, हाई ते आपली नानी शे!" लोक पडद्याकडे पाहायला लागले, मग तुझ्याकडे. तू पदर डोक्यावर ओढला नाहीस, हातावर ओढलास. हे सगळं मी वरून पाहिलं. आणि नानीबाई, मी खाली उतरलो नाही. पाठ वळवून ब्रश फिरवत राहिलो. चंदेरी रंग वाळला तरी फिरवत राहिलो.

सिनेमा मात्र मी आता पाहिला. तंबू बोरदला गेला होता, तिथे जाऊन मागे बसलो. मला वाटलं होतं, निदान त्या बाया खरोखर तशा असतील तर मी बन्सीलालला दोष देऊन मोकळा होईन.

तशाच होत्या. एवढ्या लांब, चांदण्यांच्या पलीकडे जाऊन त्या लोकांनी जी बाई शोधून काढली ती बन्सीलालच्या मनातलीच निघाली. भाले आहेत, पण भाला धरलेल्या हाताला भार माहीत नाही, पंखा धरावा तसा धरलेला. लढाई होते तरी केस विस्कटत नाहीत, घाम येत नाही. टाचा उंच असलेल्या चपला घालून डोंगर चढतात. एकीच्याही पायाला चिखल नाही, कोपराला घट्टा नाही, अंगावर एक ओरखडा नाही. शिपाई म्हणे! शेवटी चार माणसं चौघींना कवेत घेतात आणि बाकीच्या शंभर जणी टाळ्या वाजवतात, संपलं राज्य. भोंग्यावर समजावून सांगणारा माणूस अहिराणीत काहीबाही जोडत होता आणि पुरुषांची बाजू शिट्ट्या मारत होती. बायकांच्या बाजूला शांतता होती. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बिचाऱ्यास्ले थंडी वाजत व्हई."

मला हसू आलं आणि मग आठवलं, बाहेर पडद्यावर तू उभी आहेस. तशीच, थंडीत.

आखाजीला मी येतो. नाही म्हणू नकोस.

मगन

सारंगखेडा
ता. २३ एप्रिल १९५८

नानीबाई,

आज आबांच्या घरून लिहितो आहे. झोका बांधलेला आहे, त्यावर शेजारच्या लेकी बसून गाणी म्हणतात. आबा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. मी रिकामी दमणी घेऊन आलो तेव्हा त्यांनी विचारलंही नाही. बैलांना पाणी दाखवलं आणि आत गेले. आखाजीला गावातली एकही लेक न येता राहिलेली त्यांना आठवत नसेल, आणि राहिली ती त्यांचीच.

भाऊजी ओट्यावरच उभे होते. त्यांनी मला पाणी दिलं, तेवढं सोडलं नाही. मग म्हणाले, "ती येवाव नई. गाडं वळाई ले." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. माझ्यापेक्षा त्यांनाच ते बोलायचं जड जात होतं असं वाटलं. बाजारात त्यांना काय काय ऐकावं लागतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तू दाराआड होतीस. कवाडाच्या फटीतून लुगड्याचा काठ दिसत होता. मी तिकडे तोंड करून म्हटलं, "नानीबाई, मला उघडं काढायला लावलं, मी चुकलो." मला वाटत होतं तू रडशील, किंवा शिव्या देशील. तू बोललीस ते अजून कानात आहे.

"उघडं काढं, ते लोक हासतीन अन् भूली जातीन. पन मगन, मन्हा खांदावरना घाव कोठे गया? तो ते तुन्हासाठे लागेल व्हता."

परतीच्या वाटेवर गोमाई नदीत बैल थांबले ते थांबले, मी हाकलेही नाहीत.

सगळं लिहितो आता, राखून ठेवत नाही.

आई गेली त्या वर्षीची गोष्ट. आबांचा तो कबरा बैल सुटला होता आणि मी खळ्यात शेण्यांवर कोळशाने चित्रं काढत बसलो होतो. मला तो दिसलाही नाही. तू मध्ये आलीस. शिंग तुझ्या डाव्या खांद्यात गेलं आणि तू त्याची वेसण सोडली नाहीस, आबा येईपर्यंत सोडली नाहीस. तो घाव भरला तरी वळ राहिला, बोटाएवढा जाड. त्याच वर्षी जत्रेत तुझा हात गोंदायचा होता. गोंदणारीला अक्षर येत नव्हतं. बाकीच्या पोरी तुळस आणि मोर काढून घेत होत्या, तू म्हणालीस, माझ्या भावाचं नाव. मग मी शाईत काडी बुडवून तुझ्या हातावर लिहिलं आणि तिने माझ्या अक्षरावरून सुई फिरवली. माझा ग तेव्हाही कललेलाच होता. तू ओठ दाबून बसली होतीस आणि मी फुगून इकडेतिकडे पाहत होतो की माझं लिहिलेलं कायमचं झालं.

पुढे पाट्या रंगवायला लागल्यावर मी तीच सही केली. तुझ्या हातावरची. मुद्दाम तशीच.

आता पडद्याचं. रंग ओला होता, जागा मोकळी होती, ध्यानात आलं नाही, सगळं खोटं. ध्यानात होतं. पडदा पहिल्यांदा रंगवला तेव्हा तुझा घाव काढला, तुझे दंड काढले, आणि शेवटी तुझ्या हातावर माझं नाव घातलं. कारण ते तिथेच असतं. लोकांनी पाहावं आणि म्हणावं, ही मगनची बहीण आणि हे मगनने काढलं, असं मला वाटत होतं. तिथपर्यंत मला लाज नाही. पण मग बन्सीलाल हसला. त्याने सांगितलं तसे दंड उतरवले, कंबर उतरवली. घाव खरवडायला सुरी घेतली तेव्हा एकदा थांबलो. बन्सीलाल म्हणाला, राहू दे, मी दुसऱ्या पेंटरला देतो. मी खरवडला. आणि चेहरा ठेवला, नाव ठेवलं. म्हणजे मला मिरवायचं होतं ते सगळं ठेवलं, तुझं जे होतं ते पुसलं.

तो चेहरा नसता किंवा ते नाव नसतं तर शुक्रावरची कुणीही राहिली असती ती. त्या दोहोंपायी तुझा कासरा गेला.

माफी मागायला तोंड नाही. आबांना मी खरं सांगितलं आहे. ते म्हणाले, "तुन्हाच हातनी, जानीसन काढं का तू?" मी हो म्हटलं. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मगन

नंदुरबार
ता. ४ जानेवारी १९५९

नानीबाई,

वर्षभर तुझं काही नाही, तरी लिहितो. कारण एक गोष्ट विचारायची आहे.

बन्सीलालचा तंबू वर्षभर मी शोधत होतो. तळोद्याला पोचलो तर गुजरातेत गेलेला. निझरला गेलो तर पुढे गेलेला. वर्षभर तू कुठल्या कुठल्या गावच्या तोंडावर टांगलेली होतीस ते आठवलं की नको वाटायचं. शेवटी या जत्रेला तो पुन्हा आपल्याकडेच आला. सिनेमा आता दुसरा होता, नागलोकातला. पडदा तंबूच्या तोंडावर नव्हता. मी आत गेलो. पुरुषांची आणि बायकांची बसायची जागा वेगळी करायला मध्ये जो आडपडदा लावतात ना, तो तुझा होता. रंगाची बाजू पुरुषांकडे. पावसाने कंबरेखाली पोपडे गेलेले, कुणी पत्र्यावर विडी टेकवून भोकं पाडलेली. चेहऱ्याला मात्र काही झालेलं नव्हतं.

बन्सीलालला म्हटलं, नागलोकाचा पडदा फुकट रंगवून देतो, हा मला दे. तो म्हणाला, "आते तुले काय व्हयनं? जुनी चिंधी कसाले पाहिजे?" मी सांगितलं, माझ्या बहिणीचा आहे.  मग तो स्वतः वर चढून दोऱ्या सोडायला लागला. त्यालाही दोन बहिणी आहेत, त्या दिवशी मला कळलं.

नागलोकातल्या बायका मी रंगवल्या. अर्ध्या बाई, अर्ध्या साप. वरचा अर्धा भाग गळ्यापर्यंत खवल्यांत झाकून टाकला. बन्सीलालने पाहिलं आणि पडदा तसाच टांगायला घेतला. सही केली नाही.

आता पडदा माझ्या खोलीत आहे. जाळावा म्हटलं तर त्यावर तुझं तोंड आहे, जित्या माणसाचं तोंड कसं जाळायचं? तसाच ठेवावा तर रोज उठून त्या बारीक हाताकडे पाहावं लागतं. मला एक वाटतं. रंग आहे, वेळ आहे. मी तिला पुन्हा लुगडं नेसवतो, दंड जसे आहेत तसे भरतो. आणि खांद्यावर तो घाव काढतो, जसा होता तसा, मला पाठ आहे. मग तो पडदा आपल्या गावात आबांच्या ओसरीवर लावू. लोकांना पाहू दे.

पण गेल्या खेपेला विचारलं नव्हतं. या खेपेला विचारतो. काढू का?

मगन

नंदुरबार
ता. २५ जानेवारी १९५९

नानीबाई,

तुझं कार्ड मिळालं. दहा वेळा वाचलं, तेवढंच आहे.

"घाव काढू नकोस. तो माझ्याजवळ आहे. कापड जाड असेल तर पाठव, दवाने कापूस भिजतो."

कापड जाड आहे. आज शहाद्याच्या गाडीवर टाकलं. भोकांना आतून ठिगळं लावली आहेत. रंगाची बाजू आत घेऊन घडी घातली आहे, तू वापरशील तशी वापर.

मगन

नंदुरबार
ता. १६ मे १९५९

ती. स्व. नानीबाईस साष्टांग नमस्कार.

तू म्हसावदला पोचलीस का, उन्हाचा त्रास झाला का, ते कळव. आबांचं ठीक आहे. झोका अजून सोडू देत नाहीत, म्हणतात राहू दे पाऊस पडेपर्यंत.

यंदा आखाजीला मुराळी म्हणून निघायची माझी छाती झाली नाही. मी फाट्यावर बसलो होतो, येणाऱ्या गाड्यांकडे पाहत. दुपारच्या धुळीत एक दमणी दिसली. हाकणारं माणूस उभं होतं, उजवा पाय पुढे, डावा खांदा पुढे. मी लांबूनच ओळखलं आणि उठून उभा राहिलो. मागे भाऊजी बसलेले, गाठोडं मांडीवर घेऊन. त्यांनी मला पाहिलं आणि स्वतःच सांगायला लागले की त्यांच्या हाताने बैल चालतच नाहीत, दिवाळीत भरली गाडी गोमाईच्या उताराला कलंडली, कापूस भिजला, तेव्हा तूच येऊन बैल सोडवलेस. "मंग म्हनं, ज्यानं काम त्यानी करो. लोकेस्ना तोंडले कोठे कुलूप लावसू?" आणि हसले. दमणीत तुम्ही खाली अंथरलं होतं ते कापड मी ओळखलं, पण पाहिलं नाही.

जेवायला बसलो. आबा, भाऊजी आणि मी. तू वाढत होतीस. मांडे, आमरस, आणि वर आग्रह. माझ्या ताटाशी आलीस तेव्हा मी मान वर केली नाही, नजर तुझ्या हातावरच ठेवली. वर्षभर ज्या तीन अक्षरांची मला भीती वाटत होती ती पाहायला मी मनाची तयारी केली होती.

ती नव्हती. तिथे विंचू होता. काळाभोर, नांगी वर केलेला, नवं गोंदण अजून हिरवट पडलेलं नव्हतं.

तू माझ्याकडे पाहिलंस आणि साध्या आवाजात म्हणालीस, "नाव खोडता येत नई ना, म्हनीसन त्यावर इच्चू काढी लिधा. तू जेव."

आणि आणखी रस वाढलास. रागाने नाही. आबांना वाढलास तसाच.

मी जेवलो, नानीबाई. दोनदा मागून घेतलं. मग हात धुवायला मागच्या दारी गेलो आणि तिथे कडुनिंबाखाली बसून राहिलो. तू आत भांडी आवरत होतीस आणि शेजारणींशी हसत होतीस. लुगड्याचा पदर कमरेला दोन वेढे खोवलेला, डावा खांदा मोकळा, वळ दिसत होता. तू तो झाकत नाहीस. कधीच झाकला नव्हतास. झाकला तो मीच, आणि तोही चंदेरी रंगाने.

तू येशील की नाही याचीच मला दीड वर्ष काळजी होती. तू आलीस. बोललीस, वाढलंस, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. मला वाटलं होतं एवढं मिळालं की सगळं मिळेल. ते तसं नसतं, हे त्या विंचवाने सांगितलं. मला ते पटलं आहे. तो विंचू तुला शोभतो.

सांजोऱ्यांचा डबा धुऊन आबांकडे ठेवला आहे. ब्रश आता खोक्यात असतात. पाट्यांची कामं चालू आहेत. परवा एक दुकानदार विचारत होता, कोपऱ्यात तुझं नाव दिसत नाही, काम दुसऱ्याने केलं का? म्हटलं, मीच केलं.

भाऊबीजेला येईन. तू नको म्हणेपर्यंत येत राहीन.

इथे खाली नाव घालायची जागा आहे. घालत नाही. अक्षर तू ओळखतेस.

तुझा भाऊ